अडतीस मजले अर्ध्यावर

आमच्या इमारतीच्या खिडक्यांचे पडदे तीनच ठिकाणी थांबतात. पार वर, बरोबर मध्यावर, नाहीतर पार खाली. अधेमधे सोडले की घसरत जाऊन यातलीच एक जागा पकडतात. हा बिघाड नाही, ही इमारत बांधणाऱ्या आर्किटेक्टचा हुकूम आहे. त्यांना सगळे सरळसाहेब म्हणायचे. रस्त्यावरून बघताना एक पडदा वीतभर वर आणि दुसरा चार बोटं खाली दिसला, की साहेबांच्या पोटात दुखायचं म्हणे.

माणूस अजबच. अर्धी जमीन मोकळी सोडली आणि मागच्या अर्ध्या जमिनीत अडतीस मजले चढवले. त्या वेळी लोक म्हणाले, एवढ्या महागड्या जागेवर हा वारा पेरतोय! आत पोलादाचा सांगाडा होता, पण आगीच्या नियमापायी तो काँक्रीटमध्ये गाडावा लागला. मग पोलाद आहे हे लोकांना कळणार कसं? म्हणून साहेबांनी काचांच्या मधून तळापासून टोकापर्यंत पोलादी पट्ट्या लावल्या. त्या काही म्हणजे काही पेलत नाहीत. आतलं बनियन दिसावं म्हणून शर्टावर बनियन घालावं, तसला प्रकार. पण ऊन पडलं की इमारत असली देखणी दिसते, की मान मोडेपर्यंत बघत राहावं!

मी इथला पडदेमास्तर. सतरा वर्षं माझी लढाई एकाच शत्रूशी: पेन्सिल. लोकांना पडदा हवा तिथे थांबत नाही, म्हणून ते खाचेत पेन्सिल खुपसतात, क्लिपा लावतात. सतराव्या मजल्यावरच्या वकिलांनी तर दोरीला कायद्याचं जाडजूड पुस्तक टांगलं होतं.

आता नव्या मालकाला दर्शनी भाग सोलून निळ्या आरशाची काच बसवायची होती. निळ्या काचेला पडदे लागत नाहीत, आणि पडदे नसले की मी लागत नाही. जुन्या इमारती जपणाऱ्या समितीनं ‘संरक्षित’ असा कागद दिला, तरच त्याचे हात बांधले जाणार होते. अट एकच: इमारत पडद्यांसकट सरळसाहेबांनी केली तशीच चालती हवी. त्या दिवशी सकाळी अकराला समिती समोरच्या फुटपाथवरून बघणार होती.

अकराला दहा कमी असताना मी फुटपाथवरून बायकोला फोन लावला. ती खाली स्वागतकक्षात बसते, लाऊडस्पीकर तिच्याच ताब्यात.

“अगं, सांग सगळ्यांना, पडदे अर्ध्यावर घ्या.”

“सांगते. आणि तुम्ही शर्ट खोचा.”

ती माईकवर म्हणाली, “सगळ्यांनी पडदे अर्ध्यावर घ्या. अर्ध्यावर हं, अर्ध्याखाली नको!”

आमचा स्पीकर इमारतीच्याच वयाचा. जोडाक्षर आलं की त्याला ठसका लागतो. वर ऐकू गेलं ते असं: “पडदे अर्धे वर... अर्धे खाली... खर्रर्र.”

आणि अडतीस मजले कामाला लागले! बाराव्यानं डावीकडचे वर घेतले, तेराव्यानं उजवीकडचे. वकिलांनी एक सोडून एक. त्यात साहेबांनी प्रत्येक मजल्याला समोरून सत्तावीस खिडक्या दिलेल्या. सत्तावीसचे अर्धे किती? प्रत्येक मजल्यावर मधल्या खिडकीपाशी दोन तट पडले. एक ओढतोय वर, दुसरा खाली. रस्त्यावरून बघावं तर इमारत मधोमध पान चघळत असल्यासारखी!

मी फोनवर ओरडलो, “अगं, काय सांगितलंस?”

“तुम्ही सांगितलंत तेच! माझ्यावर कशाला खेकसता?”

तेवढ्यात समिती आली. अध्यक्षबाई सत्तरीच्या, गळ्यात दुर्बीण. शेजारी मालकाचा माणूस, घट्ट सुटात, दात काढत.

“बघा मॅडम, हीच का ती शिस्तीची इमारत?”

बाई दुर्बिणीतून बघतच राहिल्या.

“मास्तर, हे मुद्दाम केलंत?”

“नाही बाई. ऐकण्यात घोळ झाला.”

“हजारावर पडदे, आणि मधेच लोंबकळणारा एकही नाही. मागच्या खेपेला दिसलेल्या पेन्सिली कुठे गेल्या?”

मी आ वासून वर बघितलं. खरंच की! पेन्सिल उपसल्याशिवाय पडदा हलतच नाही. सतरा वर्षं मी पाया पडून जे झालं नाही, ते एका ठसक्यानं केलं होतं!

“चालतात हे दिसलं,” बाई म्हणाल्या. “मध्यावर थांबतात का? सगळे एकदम. तेवढं दाखवा, कागद तयार आहे.”

मी फोन कानाला लावला. “अगं, पुन्हा सांग. पण अर्ध्यावर म्हणू नकोस!”

“मग मध्यावर म्हणू?”

“म्हण!”

“अहो, त्यातही जोडाक्षर आहे!”

“मग निम्म्यावर!”

“त्यात तर दोन आहेत! ठेवा फोन, मी बघते.”

सूटवाला घड्याळ बघत होता. मग रस्त्याच्या पलीकडून, पार मोठ्या केलेल्या स्पीकरमधून बायकोचा आवाज आला, अगदी स्वच्छ, एकही ठसका नाही:

“सगळे पडदे कमरेला आणा! सगळे! कमरेला!”

क्षणभर काहीच हललं नाही. मग अडतिसावा मजला खळ्ळकन आला. सदतिसावा. मग एकदम दहा-बारा, पत्ते पिसावेत तसा आवाज करत. वकील सगळ्यांत शेवटी, पण आले. मधल्या खिडक्यांची भांडणं मिटली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अडतीस रेघा, फूटपट्टीनं मारल्यासारख्या! बस थांबली, ड्रायव्हर खिडकीतून टाळ्या वाजवायला लागला. मी चक्क नाचलो. शर्ट बाहेर आला.

बाईंनी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, टेकायला काही मिळतंय का म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि सूटवाल्याला म्हणाल्या, “जरा वाकता का?”