सहाची गाडी

मालनबाईंनी पत्र तालुक्याच्या एसटी डेपोत टेबलावर आपटलं तसा डेपोच्या साहेबांचा पेन घरंगळत खाली गेला. पत्रात लिहिलं होतं, चिंचबर्डीची लोकसंख्या अवघी चारशे बारा, प्रवासी अत्यल्प, सबब एक तारखेपासून सकाळी सहाची एसटी बंद.

मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पंधरा वर्षं ही गाडी गावात मुक्कामाला येते. ड्रायव्हर-कंडक्टरला गाव आळीपाळीनं जेवू घालतं, आणि कोणाची पाळी चुकली की भाकरी मालनबाईंच्याच चुलीवरून जाते. आता याच गाडीनं त्यांची नात चैताली तालुक्याला अकरावीला जायची. गाडी गेली की कॉलेज गेलं. आणि कॉलेज सुटलं तर पुढच्या वर्षी स्थळं बघू, असं तिचा बाप अमोल बोलूनही बसला होता.

"चारशे बारा माणसं हायेत साहेब, शेळ्या नाय," त्या म्हणाल्या.

साहेब चिडले नाहीत, त्याचाच मालनबाईंना जास्त राग आला. त्यांनी वही उघडून दाखवली. रोज सात माणसं, सहा पोरी आणि पेन्शनवाले गेणू आबा. मग त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. चिंचबर्डीच्या नऊ मोटारसायकली तिथं ओळीनं उभ्या होत्या. बायका असल्या की वजन पडतं म्हणून प्रत्येकानं मागच्या सीटवर घरातली एकेक बाई आणली होती.

"आज कशानं आलात?"

मागं उभ्या असलेल्या सनीनं बोटात फिरवत असलेली चावी हळूच खिशात टाकली. उद्यापासून आठवडाभर मोजतो, साहेब म्हणाले, रोज वीस माणसं बसलेली दिसली तर गाडी राहील.

बाहेर येताच पुरुषांना कंठ फुटला. अमोल साहेबाच्या नावानं बोटं मोडतच गाडीवर बसला. त्याचं खताचं दुकान तालुक्यातच होतं, नऊला उघडायचं. उद्यापासून सहाच्या एसटीनं जाशील का, असं मालनबाईंनी विचारलं तर तो हसला.

"एवढ्या सकाळी कोण उठतंय, आई? बस मागं."

ते हसणं त्यांना झोंबलं. साहेबावरचा राग होता तिथंच राहिला, पण त्याहून मोठा राग पोटच्या पोरावर आला. मेल्यांना गाडी पाहिजे, पण बसायला दुसरी माणसं पाहिजेत!

"तू जा. मी एसटीनं येते."

त्या गेल्या नाहीत म्हणून सनीची आई यशोदाबाई थांबल्या, त्या थांबल्या म्हणून बाकीच्याही थांबल्या. नऊ मोटारसायकली रिकाम्या सीटनं परत गेल्या. बायका संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टँडवरच्या बाकावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालनबाईंनी अमोलला हलवून उठवलं. मोटारसायकलची चावी मिळणार नाही, दुकान उघडायचं तर सहाची गाडी आहे, एवढंच सांगून त्या भाकरी थापायला बसल्या. अमोलनं घर डोक्यावर घेतलं. खुंटी पाहिली, फडताळ उपसलं, आईला नाही नाही ते बोलला. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी पाय आपटत तो बाहेर पडला, तर समोरून सनी तसाच तोंड पाडून येत होता. त्याच्यामागं जीवन, आणि गल्लीतले बाकीचे सहा जण.

मालनबाई मागोमाग पारापर्यंत गेल्या. गाडी सुरू होती. खिडकीतून त्यांनी माणसं मोजली. पोरी सहा, गेणू आबा, हे नऊ. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. खिडकीतली चैताली आजीकडंच बघत होती.

कंडक्टरनं दोरीला हात घातला.

"थांब रे," मालनबाई म्हणाल्या. पिठाचे हात पदराला पुसून त्या अनवाणीच पायरी चढल्या.

"मावशी, कुठं जायचंय?"

"गाडी जाईल तिथं. आणि जरा दम धर, यशोदा येतीय."

मागं यशोदाबाई चालता चालता प्रत्येक दाराची कडी वाजवत होत्या.