खिशातली टाकी

"आन् सागर आला, धावत आला, टाकलान चेंडू... उचललान एकनाथनं! हवेत, हवेत, अजून हवेतच हाय मंडळी... खाली हमझा उभा... पकडलान का? सोडलान का? पकडलाSSन!"

ओमानमधल्या सोहारच्या हमरस्त्यापलीकडच्या खडकाळ मैदानावर एकच कल्ला उठला. जयगडवाले नाचू लागले, हर्णैवाल्यांनी कपाळाला हात लावला. मांडवात टेबलाशी बसलेल्या शरीफ सोलकरनं माईक बाजूला करून घसा खाकरला. खोकला आला नाही. त्याला एवढा आनंद झाला, की एकनाथ बाद झाल्याचं दुःखही तो विसरला. शरीफ स्वतः हर्णैचा.

आठवडाभर शरीफ बंदरातल्या उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत एकटा बसायचा. वॉकीटॉकीवर 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे झालं, एवढंच बोलणं. शुक्रवारी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप नसे. इथल्या कोकण्यांच्या सामन्यांची कॉमेंट्री म्हणजे शरीफभाय, हे इतकं ठरून गेलं होतं की त्याच्याशिवाय टॉससुद्धा उडवत नसत. पण सिगारेटनं त्या गळ्याची पार चाळण केली होती. मागच्या वर्षी फायनलच्या शेवटच्या ओव्हरला तो खोकतच राहिला. लोक हसले. घरी येऊन तो जेवला नव्हता.

त्यानंतर हमझानं दुबईहून ती विजेवर चालणारी नळी आणली. हमझा बंदरात शरीफबरोबरच कामाला, जयगड संघाचा कप्तान. स्वतःसाठी एक, शरीफसाठी एक आणि कॅम्पातल्या आणखी चौघांसाठी. खाली बॅटरी, वर पारदर्शक प्लास्टिकची बोटभर टाकी, तिच्यात निकोटीनचं पाणी भरायचं आणि वाफ ओढायची. शरीफला त्यातला दालचिनीचा वास फार आवडला. सिगारेट सुटली. दोन महिन्यांत आवाज असा मोकळा झाला, की आंघोळ करतानाही तो कॉमेंट्री करू लागला.

"अवो, ही टाकी अशी दुधट कशानं झाली?" एकदा खैरुन्निसानं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं. "आधी आरपार दिसायचं."

"धुतलीस का तू?"

"मी कशाला हात लावू त्या पिपाणीला!"

तिनं टाकीचा फोटो पुण्याला शिकणाऱ्या झैनला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "अब्बा, दालचिनीचा, लिंबाचा अर्क प्लास्टिक खातो. आधी ते धुरकट होतं, मग तडकतं. इंटरनेटवर लोकांनी लिहिलंय. काचेची टाकी घ्या, नायतर तो वास बदला. आतलं पाणी विषारी असतं अब्बा."

"हमझा जाईल दुबईला तेव्हा आणील काचेची," शरीफ म्हणाला. "फायनल होऊन जाऊ दे." वास बदलायचं त्याच्या जिवावर आलं. हाच वास आपल्याला लाभला, अशी त्याची समजूत.

आणि आज ती फायनल होती. हर्णैचे सत्त्याऐंशी झाले. मधल्या सुट्टीत शरीफनं नळी काढून जोरात झुरका घेतला. वाफेऐवजी तिखट, कडू पाण्याचा घोट तोंडात आला. काय झालं हे कळायच्या आत तो गिळलाही. "थू!" करून त्यानं नळी शर्टाच्या खिशात टाकली, वर पाणी प्यायला आणि माईक ओढला. अंपायर मैदानात निघाले होते.

जयगडची सुरुवात तुफान झाली. शरीफही पेटला. "अरे, मारतोस की मासळी वाळत घालतोस?" लोक पोट धरून हसत होते. छातीवर काहीतरी गार लागत होतं. घाम असेल, त्याला वाटलं. मग तोंडाला पाणी सुटू लागलं. बॉलर धावत आला, तर शरीफला दोन बॉलर दिसले.

"आन् हा आला... हे आले..."

स्पीकर गप्प झाला. जनरेटर बंद पडला म्हणून कोणीतरी शिवी हासडली. मग मांडवातून ओरडा आला, "शरीफभाय पडले!"

बायका मैदानाच्या कडेला गाड्यांत बसल्या होत्या. खैरुन्निसा चप्पल गाडीतच टाकून त्या दगडगोट्यांतून धावली. लोक म्हणत होते, ऊन लागलं, लिंबूपाणी पाजा. ती खाली वाकली आणि दालचिनीचा वास भप्पकन तिच्या नाकात शिरला. पांढऱ्या शर्टाचा खिसा पिवळट भिजला होता. तिनं दोन्ही हातांनी शर्ट टरकन फाडला.

"पाणी ओता! छातीवर ओता! ऊन नाय हो, विष हाय ते!"

तिच्या पाठोपाठ बिलकीस आली. ती सोहारमधल्या एका दवाखान्यात नर्स. तिनं नाडी धरली, पाण्यानं छाती खळखळून धुतली, चूळ भरायला लावली. शरीफला भडभडून उलटी झाली. "जीवावर नाय बेतायचं इन्शाल्ला, पण दवाखान्यात आताच न्यायचं," ती म्हणाली. चौघांनी त्याला उचललं.

खैरुन्निसा निघाली आणि थबकली. नळी दगडांवर पडली होती. टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या होत्या. तिनं चारचौघांत कधी मोठ्यानं हाकही मारली नव्हती. तिनं माईक उचलला.

"ऐका सगळे! ज्यांच्या ज्यांच्या खिशात ही दालचिनीची नळी हाय, त्यांनी आताच्या आता काढून बगा! टाकी दुधट दिसली, चीर दिसली, तर फेका! हात धुवा! पोरांना जवळ येऊ देऊ नका! हमझा, तू पण बग! हसतोस काय मेल्या, बग म्हणते ना!"

पॅव्हेलियनपाशी पॅड बांधून बसलेल्या हमझानं खिशात हात घातला. हात ओला निघाला. त्याचं हसू मावळलं. मग प्रेक्षकांतून आणखी एक हात वर झाला, त्याच्यामागून दुसरा.

दवाखान्यात शरीफला सलाईन लावलं. डॉक्टरनं छातीवरची लाल झालेली कातडी पाहिली, घसा पाहिला. थोडं उशिरा आला असतात तर जड गेलं असतं, म्हणाला. शरीफचा आवाज पार बसला होता. ओठ हलले तशी खैरुन्निसा जवळ वाकली.

"मॅच?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"जीव जात होता तुमचा, आन् मॅच!" ती म्हणाली आणि तिनंच, बाद होऊन बसलेल्या जयगडच्या सागरला फोन लावला. सामना थांबवून पुन्हा सुरू केला होता. शेवटची ओव्हर, जयगडला नऊ हव्या होत्या, खेळत होता हमझा.

"चालू ठेव फोन, सांगत राहा मला," ती म्हणाली. फोन कानाला, तोंड शरीफकडे. "पहिला बॉल. एक... नाय, दोन घेतले... दुसरा. हुकलान! हुकलान हमझा! तिसरा आला... मारलान... गेला, गेला... चार! हाय अल्ला, चार!"

शरीफनं सलाईनचा हात उचलला. बिलकीसनं तो खाली दाबला.

"आता तीन बॉल, तीन रन. चौथा... परत हुकलान! पाचवा... मारलान, पण अडवलान! आता एकच बॉल उरला. बॉलर निघाला... हमझा पुढं आला... उंच मारलान... कोण हाय रं खाली? कोण हाय? सागर, बोल ना मेल्या!... पकडलान! पकडलाSSन! हर्णै जिंकली!"

दारात दोन फिलिपिनो नर्सा आणि एक ओमानी म्हातारा उभे होते. कोणालाच एक शब्द कळला नव्हता, तरी म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. खैरुन्निसा लाजून चूर झाली आणि पदर सावरत खाली बसली. शरीफ तिच्याकडे एकटक बघत होता.

तो बरा झाला. कामावर रुजू झाला. सिगारेटही नाही, नळीही नाही, दातांखाली बडीशेप. आवाज मात्र फाटकाच राहिला. घसा ताणायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. 'यल्ला' आणि 'खलास' म्हणण्यापुरता तो पुरत होता.

पुढच्या मोसमाच्या आधी हमझा घरी आला. चहा पिऊन झाला, बंदरातल्या गप्पा झाल्या, तरी तो उठेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "शरीफभाय, भाभी हायत का घरात?"

शरीफला कळलं. त्यानं रिकामा कप बाजूला सारला. मग आत तोंड करून, होता तेवढ्या आवाजात म्हणाला, "अगो, ये बाहेर. तुझ्याकडं आलाय तो."

पहिल्या शुक्रवारी मांडवात टेबलाशी खैरुन्निसा बसली. तिला लांबचं नीट दिसत नसे. शरीफ तिच्या पुढ्यात, जरा बाजूला, उन्हात उभा राहिला. बंदरात खालचा माणूस क्रेनवाल्याला हातानं खूण करतो, तशी त्याची पाठ ताठ होती. बॉलर धावत आला. बॅट फिरली. शरीफनं दोन्ही हात डोक्यावर उंच नेले आणि तसेच धरून ठेवले.

"सहा!" त्याच्यामागून स्पीकर गरजला.