अनंताचं कलम

मी एक जुना अनंत आहे. आज मला पाहिलंत तर तुम्ही हसाल, कारण मी आता जमिनीतून वर आलेला वीतभर खुंट आहे. पण मित्रांनो, यंदाच्या वैशाखापर्यंत आमच्या परदेशीपुऱ्याच्या गल्लीत शिरणारा नवखा माणूस नाक वर करून विचारायचा, "भिया, ये गंधराज किसके यहाँ खिला है?" इंदुरात मला गंधराज म्हणतात. घरात मात्र मी अनंतच.

माझा जन्म कचऱ्यातला. शंकरराव महूला रेल्वेत कारकून होते. तिथल्या एका बंगल्याच्या माळ्याने झुडपं छाटून फांद्या फाटकाबाहेर टाकल्या होत्या. शंकररावांनी त्यातली एक फांदी उचलली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणली. त्यांच्या पत्नी शोभनाताई डबा घासायला बसल्या, तर आत पानं.

"अहो, हे काय? लोकांचा कूडा आपल्या घरात कशाला?"

"जगलं तर झाड," शंकरराव म्हणाले.

मी जगलो. फाटकाजवळच्या मातीत मुळं धरली आणि काही वर्षांत असा फुललो की शोभनाताईंनी मला पुन्हा कधी कूडा म्हटलं नाही. शंकरराव शब्दांच्या बाबतीत अगदी कंजूष. बायकोचं कौतुक त्यांच्या तोंडून मी तरी ऐकलं नाही. रोज सकाळी ते माझं ताजं फूल तोडायचे, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "घे, नाहीतर गळून पडलं असतं." माझं फूल गळायला आलं की पिवळं पडतं. शंकररावांच्या हातातलं पांढरंशुभ्र असायचं. शोभनाताईंना हे कळत नव्हतं थोडंच! पण त्या फूल वेणीत खोचायच्या आणि पोळ्या लाटायला लागायच्या.

बहर सरला की शंकरराव छाटणीची मोठी कात्री काढायचे. कात्री लागताना दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण कळ्या असताना त्यांनी मला कधी हात लावला नाही. शोभनाताई ठेंगण्या. टाचा न उचलता त्यांचा हात माझ्या शेंड्याला पोचेल, तेवढीच माझी उंची शंकरराव राखायचे. शेजारी म्हणत, "बढ़ने दो ना, भाऊसाहेब." ते नुसते हसत.

मग एका हिवाळ्यात शंकरराव गेले. महिन्याकाठी सांवेरहून मोटरसायकलवर बागकाम करायला येणारा भेरूलाल विचारायचा, "आंटीजी, गंधराज छाँट दूँ?" शोभनाताई म्हणायच्या, "राहू दे रे. त्यांचा हाथ लागलाय याला." त्या मायेने मी मोकाट वाढलो. फुलं पार वर गेली आणि शोभनाताई खाली उभ्या राहून नुसता वास घेऊ लागल्या. मित्रांनो, तेव्हा मला त्या कात्रीची फार आठवण यायची.

यंदा त्यांच्या लेकीने, पूर्वाने, आईला सांगलीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. न्यायला जावई आले, सुजयराव. माणूस सज्जन, मराठी सांगलीची, हिंदी कामापुरती. शोभनाताईंनी सगळं सामान वाटून टाकलं आणि एकच हट्ट धरला. "बाकी काही नको मला. पण अनंत माझ्यासोबत येईल. लहानसा का असेना, येईल." स्वतःच्या हाताने माती आणि शेणखत कालवून त्यांनी एक गमला भरून ठेवला. मीही मनातून तयारीला लागलो होतो.

आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सुजयराव, भेरूलालला फोन करून सांगा बरं, अनंताचं एक कलम करून द्यायला. मी सकाळी माझ्या मैत्रिणीला, इंदुमतीला भेटून येते. आता पुन्हा कधी भेट होणार!"

सुजयरावांनी माझ्यासमोरच फोन लावला. "भेरूलालजी, वो गंधराज का कलम करना है. कल सुबह."

पलीकडून आवाज आला, "पर भिया, अभी तो कलियाँ भरी हैं."

"हाँ हाँ, पर जाने से पहले होना चाहिए. अच्छे से करना."

मराठीत कलम करणं म्हणजे एका झाडाचं दुसरं झाड करणं. हिंदीत कलम करणं म्हणजे कापून टाकणं. जन्मभर दोन्ही भाषा ऐकलेल्या मला ते उमगलं. पण झाडाचं कोण ऐकतं?

सकाळी भेरूलाल आला. माझ्या खोडावर हात ठेवून पुटपुटला, "आंटीजी ने मन कैसे बना लिया?" मग त्याने मला बुंध्यापासून कापलं. कळ्या मातीत पडत होत्या. घरात सुजयराव खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. इतक्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. इंदुरात अंगणात कचरा राहत नाही आणि एरवी मला त्याचा अभिमान आहे. भेरूलालने माझी फांदी न् फांदी गाडीत दिली आणि अंगण झाडून लख्ख केलं.

शोभनाताई परतल्या आणि फाटकातच थांबल्या. "सुजयराव, अनंत कुठंय?"

सुजयराव बाहेर आले आणि पांढरेफटक पडले. "आई, मी तर कलमच करायला सांगितलं होतं."

"कलम ही तो किया है, भिया," भेरूलाल म्हणाला. मग शोभनाताईंनी ओट्यावरचा भरलेला गमला दाखवला आणि तेव्हा कुठे त्याला घोळ कळला.

"एखादी डाली तरी ठेवली असशील?"

"सब गाड़ी में दे दी, आंटीजी. और जड़ दीवार के नीचे गई है. निकालूँगा तो मर जाएगा."

त्या कुणावर रागावल्या नाहीत. भेरूलालला म्हणाल्या, "तेरी गलती नहीं, बेटा. मीच कटिंग म्हणायला हवं होतं." एवढं बोलून त्या माझ्याजवळ आल्या. नळाखाली एक फूल राहून गेलं होतं. त्याला ना देठ होता ना पान, म्हणजे लावण्याजोगं काहीच नव्हतं. पण पांढरंशुभ्र होतं. त्यांनी ते उचललं, पदराने चिखल पुसला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आज खरंच गळून पडलं हो."

मग त्या माझ्या खुंटाशी बसून रडल्या. मला डोळे असते तर मीही रडलो असतो. दुपारी मोटारीत बसताना सुजयराव गमला मागे ठेवू लागले, तर त्यांनी तो मांडीवर घेतला. गमल्यात नुसती माती होती.

पाऊस झाल्यावर माझ्या खुंटातून एक कोंब वर आला. आता तो बोटभर झाला आहे. नवे मालक बरे आहेत, पण त्यांना गाडी लावायला जागा हवी आहे आणि फरशी बसवणारा माणूस मापं घेऊन गेला आहे.

मित्रांनो, झाडाला कात्री लावण्याआधी समोरच्याला काय म्हणायचंय ते एकदा नीट विचारा. आणि कापलेला ढीग टाकण्याआधी त्यातली एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळून ठेवा. मी तशाच एका फांदीचं झाड झालो होतो.

आणि तुमच्यापैकी कुणी सांगलीला जाणार असेल, तर फरशी बसायच्या आत इकडून जा. शोभनाताईंचा गमला अजून रिकामाच असेल.