नात्याचा रकाना

फोटोग्राफरने शिडीवर चढून वरच्या फळीवरची नोंदवही ओढली, तिच्यावर फुंकर मारली आणि उतरताना पडता पडता वाचला. काउंटरपलीकडे चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. समोरच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. त्याच्या नाकावरचा चष्माही त्यांच्याकडचाच.

“भाऊ, माझं बोलणं संपू तर द्या,” त्या म्हणाल्या.

पुरतं ऐकून न घेता कामाला लागणं ही त्याची जुनी खोड. बाईंचं सांगून झालं होतं ते एवढंच. तेवीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिलेली परिचारिका हिवाळ्यात वारली. त्यानंतर दोनच महिन्यांनी दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसांत लग्न करता येईल, असा कायदा झाला. जोडीतलं एक माणूस आधीच गेलं असेल, तर मागे राहिलेल्याला घरावर हक्क सांगता येत होता. मात्र त्यासाठी जुना पुरावा लागत होता. ‘जुना’ म्हटल्याबरोबर हा शिडीवर.

“एक विचारू?” तो वही चाळत म्हणाला. “राग मानू नका. आपापल्या घरात कुणी कसंही राहावं, माझी ना नाही. पण त्याला सरकारचा कागद कशाला?”

“घरातच राहायचंय म्हणून. घर तिच्या नावावर होतं. तिच्या भाच्याने खाली करायची नोटीस पाठवलीय.”

त्याने मान खाली घालून पानं उलटली. न्हाव्याच्या दुकानात हाच प्रश्न त्याने चारचौघांत विचारला होता आणि तिथे सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

नोंद सापडली. तारीख, दोन नावं, आणि नात्याच्या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात ‘बहिणी’. नातं कळल्याशिवाय तो कॅमेऱ्याला हात लावत नसे. नवरा-बायको असले तर एकाला खुर्चीत बसवायचं, दुसऱ्याला मागे उभं करायचं, खांद्यावर हात. बहिणी असल्या तर दोघी शेजारी शेजारी. या दोघींना तर त्याने विचारलंही नव्हतं. नाकाच्या ठेवणीवरून कळतंच की, असं म्हणून मोकळा झाला होता. पुढच्या वर्षीही बहिणी. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी त्याच तारखेला त्या येत आणि दर वर्षी तो त्यांना शेजारी शेजारी बसवी.

“त्या नाकावरून आम्ही आठवडाभर हसत होतो,” बाई म्हणाल्या.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सोयीचं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?”

त्याला फार वाईट वाटलं. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची कुंडली सांगतो अशी फुशारकी मारत त्याने उभा जन्म काढला होता. त्याने खिशातलं पेन काढून टोपण उघडलं, तसा बाईंनी पानावर हात ठेवला.

“आता खोडलंत, तर भाच्याला आयतंच सापडेल. आणि मी वहीसाठी आलेच नव्हते.”

त्यांनी पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. स्टुडिओची कार्डं होती. त्याने लगेच ओळखली. लग्नाचे फोटो काढून गेलेल्या जोडप्यांना दर वर्षी असं कार्ड जाई. ‘उभयतांस सहजीवनाच्या वाढदिवसानिमित्त शुभेच्छा. यंदाचा फोटो राहून जाऊ नये.’ फक्त जोडप्यांनाच, हा नियम त्याचाच. टपालाचं काम मात्र बायकोकडे होतं.

सतरा कार्डं होती. प्रत्येकावर दोघींची नावं आणि टपालाचा शिक्का. पत्ता तिच्या हातचा, शेवटचा शब्द नेहमीसारखा कडेला कोंबलेला. त्याने एकेक कार्ड चष्म्याजवळ धरून पाहिलं.

“हिने मला कधी बोलून दाखवलं नाही.”

“पहिल्या दिवशी वहिनींनी मला विचारलं होतं, आज काय विशेष? मी म्हटलं, आज एका घरात राहायला लागलो. त्यांनी फक्त तारीख लिहून घेतली. त्या गेल्यावर कार्डं बंद झाली. आम्ही येत राहिलो.”

“मला वाटायचं, तुम्हाला फोटोंची हौस आहे.”

“जवळचं तुम्हाला नीट दिसत नाही, हे माझ्याही वहीत लिहिलेलं आहे, भाऊ.”

तो हसला. मग शेवटचं कार्ड गठ्ठ्यात ठेवून त्याने रबर पुन्हा लावलं.

बाईंनी कचेरीतून आणलेला एक छापील कागद पुढे सरकवला. कार्ड लिहिणारी व्यक्ती हयात नसल्यास तिच्या जवळच्या माणसाने अक्षर ओळखून सही करायची होती. त्याने कागद दोनदा वाचला, आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. त्याखालच्या ओळीत लिहिणाऱ्या व्यक्तीशी असलेलं नातं विचारलं होतं. तिथे त्याने ‘नवरा’ असं लिहिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

“याला पुरावा काय जोडायचा?” त्याने विचारलं. “लग्नाचा दाखला कुठे असेल, देव जाणे.”

बाईंनी चष्मा वर करून कागद पुन्हा वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नुसतं लिहिलंत तरी चालतं.”