सोयरिकीचं पाणी

तळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला तेव्हा तामू न्याहारीचं बघत होती. चुलीवर बाकल्याच्या डाळीचं कढण रटरटत होतं, जवाची भाकरी शेकून झाली होती आणि तिचा नवरा मफद्दल ऑलिव्ह तेलाची बाटली शोधत होता, जी त्याच्या पायाशीच होती. आवाज थांबला तशी दोघांनी मान वर केली.

"घ्या, गेलं तुमचं पाणी," तामू म्हणाली.

"डुकरांनी नळी उचकटली असेल. येतो बघून."

"दोन घास खाऊन तरी जा."

"जुलै महिन्यात पाणी बंद आणि मी खात बसू?"

आमच्या रीफच्या डोंगरात उन्हाळ्यात बापे असेच बोलतात. पोराला ताप भरला तर म्हणतील, उतरेल संध्याकाळपर्यंत. नळी बंद पडली की मात्र तोंडचं पाणी पळतं. मफद्दलने कोयता घेतला, नळी बांधायला रबराच्या पट्ट्या घेतल्या आणि तो उपाशीच खिंडीकडे चालू लागला.

हे तळं नव्हतं तेव्हाही आम्ही किफ, म्हणजे गांजा, पिकवतच होतो. आजोबांच्या वेळचं गावठी किफ आभाळाच्या पाण्यावर यायचं. मग बाहेरचं बी आलं. दुप्पट माल येतो, असं ते विकणाऱ्याने सांगितलं. ते पाणी किती पितं, हे सांगायला तो विसरला. दोन-तीन उन्हाळ्यांत गावाचा झरा करंगळीएवढा झाला आणि भांडणं एवढी वाढली की ज्याला त्याला वरच्या देवदाराच्या रानात जागा शोधावी लागली. रस्त्यावरून दिसत नाही, शिपायांची गाडी चढत नाही, म्हणून रान बरं. मफद्दलनेही तिथे वाफे पाडले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, वरच्या अंगाला मोठा खड्डा खणून त्यात काळं प्लास्टिक पसरलं. उन्हाळाभर सगळं बिऱ्हाड तिथल्या खोपटात. तळं असं देखणं झालं की लोक बघायला यायचे. त्यात पाणी तेवढं नव्हतं.

पाणी होतं खिंडीपलीकडे, हाज बूश्ताच्या जमिनीत. बारमाही झरा, बोचऱ्या थंड पाण्याचा. मफद्दल त्याच्याकडे गेला, चहा प्याला, विषय काढला. हाज म्हणाला, "पाणी विकायची वस्तू आहे का? पाणी सोयऱ्यांना द्यावं." हाजचा मुलगा जवाद तेव्हा तिशीपलीकडे गेलेला. त्याचा हात चटकन उठतो हे सगळ्या डोंगराला ठाऊक, म्हणून कुणी मुलगी देत नव्हतं. मफद्दलला कळायचं ते कळलं.

मफद्दलच्या लेकीला, इकरामला, पंधरावं लागलं होतं. एवढ्या लहान मुलीचं लग्न न्यायाधीश लावून देणार नाही, मग कागद कशाला करायचा? मशिदीतल्या फकीहांनी फातिहा वाचली, मेंढा कापला, झालं लग्न. पुढच्या आठवड्यात खिंडीतून नळी आली. त्या दिवशी लोकांनी मफद्दलचं जेवढं कौतुक केलं तेवढं लग्नातही केलं नव्हतं.

तर मफद्दल नळीच्या कडेकडेने चढत गेला. कुठे फुटलेली नाही, कुठे निसटलेली नाही. थेट झऱ्यापाशी पोचला तर वरचा कॉकच बंद. कुणीतरी हाताने घट्ट फिरवून बंद केलेला. तो तसाच माघारी फिरला. हा कॉक कधी बंद होतो हे त्याला माहीत होतं.

खोपटात इकराम चुलीपाशी बसली होती. रानातल्या आडवाटेने आलेली. डावा हात कोपरापासून सुजलेला. उजव्या हाताने ती कढणात भाकरी बुडवून भराभरा खात होती.

"आलीस?" मफद्दल म्हणाला.

"आले, बा."

"कॉक बंद केलाय त्यांनी."

"माहितीये. मी निघाले तेव्हा सासरे झऱ्याकडेच चालले होते."

बापाने तिच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच वाफ्यांकडे पाहिलं. तामूने ते बघितलं. त्याच्या डोक्यात भाकरी फेकून मारावी असं तिला वाटलं, पण तिने ती पोरीच्या पुढ्यात ठेवली.

इकराम याआधीही दोनदा आली होती. दोन्ही वेळा कॉक बंद झाला होता. पहिल्यांदा फकीहांनी समजूत घातली की नव्या नवरीला माहेर आठवतंच, सोडा तिला परत. दुसऱ्यांदा कुणी समजूतही घातली नाही. मफद्दलने खेचर आणलं, पोरीला बसवलं, आणि तो घरी पोचायच्या आत तळ्यात धार लागली होती.

मग तामूने कोर्टात का जाऊ नये? शहरातली माणसं हेच विचारतात, आणि माझं डोकं फिरतं. जायचं तर होतं तिला. पण गावातल्या अर्ध्या पुरुषांसारखं मफद्दलचंही नाव शिपायांच्या यादीत. तक्रार लिहून घेणारा पहिला प्रश्न विचारणार, नळी कुठे जाते? दुसरा विचारणार, तळं कशाला? तिथून पुढे नवऱ्याच्या हातात बेड्या. आणि लग्नाचा कागदच नाही, तर मोडायचं काय? अशी सगळी दारं आधीच बंद करून ठेवायची आणि मग बाईला म्हणायचं, तू बोलली का नाहीस.

त्या आठवड्यात घळीतल्या ओहोळातून खेचरावर कॅन लादून पाणी आणायचं काम मायलेकींनी केलं. ठिबक कोरडं पडलेलं, म्हणून एकेका झाडाच्या बुडाशी तांब्याने पाणी. इकराम एका हाताने ओतायची. ज्या झाडांपायी तिला दिलं त्याच झाडांना ती पाणी पाजत होती. तरी पानं माना टाकत होती.

शेजारच्या वाफ्यांतली रहमा मदतीला म्हणून आली आणि बांधावर बसली.

"पाठव बाई तिला," ती तामूला म्हणाली. "नांदायला वेळ लागतो. माझा नाही का मला मारायचा?"

"मग थांबला कसा?"

"दमला. म्हातारा झाला ना."

"म्हणजे हिने वीस वर्षं थांबायचं?"

"मी थांबलेच की. तुझी पोर काय साखरेची आहे, विरघळायला?"

इकराम वाकून तांब्या ओतत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती आहे तिथे नाहीच, अशा थाटात दोघी बोलत होत्या. तामूच्या हे लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

बाजाराच्या दिवशी मफद्दल खाली गेला. येताना चहासाठी साखरेची ढेप आणि पुदिना घेऊन आला.

"कोण भेटलं?" तामूने विचारलं.

"कोण भेटणार? बाजार आहे, माणसं भेटतात."

"हाज भेटले?"

"भेटले. सलामदुवा झाली."

"काय ठरवलंत?"

"काही ठरलं नाही म्हणतो ना. चहा कर."

दुसऱ्या दिवशी तिघं न्याहारीला बसली होती. आधी नळीतून वारा फुसफुसला. मग दोन-चार आचके आले आणि तळ्याच्या प्लास्टिकवर धार पडू लागली. मफद्दलने चहाचा पेला खाली ठेवला नाही की मान वर केली नाही.

इकराम उठली. कोपऱ्यातली शाल तिने झटकली, जमिनीवर पसरली, त्यावर वाळत घातलेला झगा ठेवला, कंगवा ठेवला. एका हाताने गाठ बसेना, म्हणून शालीचं टोक दातात धरून ती बोचकं बांधू लागली.

"काय करतेस गं?" तामू म्हणाली.

"पाणी आलं ना, यम्मा."

रडली नाही, कुरकुरली नाही. सांजवेळ झाली की शेळी गोठ्याकडे वळते तशी ती निघाली होती. पोरीने आदळआपट केली असती तर तामूला एवढं लागलं नसतं.

"तुम्ही म्हणालात काही ठरलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"नव्हतंच ठरलं. हाज म्हणाले, आधी पाणी सोडतो, मग खेचर घेऊन येतो. मी काय त्यांचा हात धरू?" मग त्याचा आवाज चढला. "आणि पीक मेलं तर हिवाळ्यात काय खाणार आहेस? देवदाराची साल?"

तामूने कुडातला विळा उपसला. ती खेचराला चारा कापायला निघाली असं मफद्दलला वाटलं. तो चहा पीत राहिला.

प्लास्टिक चांगलं जाड होतं, कारण मफद्दलने ते पारखून आणलं होतं. पहिल्या घावाला विळा नुसता घसरला. मग ती उताराकडच्या बांधावर पालथी झाली, हात खाली घातला आणि करवतीसारखं कापत गेली. तळाशी उरलेलं गढूळ पाणी आणि वरून पडणारी नवी धार चिरेतून मातीत शिरली. माती भिजली, फुगली आणि बांधाचा एक लचका सुटला. तळ्यातलं होतं नव्हतं ते पाणी दगडधोंडे घेऊन उतारावर निघालं.

मफद्दल धावत आला आणि सरळ तळ्यात उतरला. दोन्ही तळव्यांनी ती चीर दाबून धरू लागला. एका जागी दाबली की दुसरीकडून सुटायची. गुडघाभर चिखलात तो असा उभा असताना हाज बूश्ता खेचर घेऊन पोचला. मागे जवाद होता.

"हे काय चाललंय?" हाजने विचारलं.

"तुमचं पाणी चाललंय," तामू म्हणाली. तिच्या हाताला विळा लागला होता, तो हात तिने ओढणीने दाबून धरला होता. "गोळा करून न्यायचं तर न्या. आमच्याकडे आता ठेवायला जागा नाही. आणि पाणी नाही घेतलं तर पोरही द्यायची नाही."

"वेड लागलं का बाई तुला? वर्षाचं पीक गेलं तुमचं."

"गेलं."

"पोरीला खायला काय घालणार?"

"तुम्ही तिला काय घालत होता ते मी विचारलं का?"

हाजने मफद्दलकडे पाहिलं. चिखलातल्या माणसाशी काय बोलणार? मफद्दल चीर दाबतच राहिला. खोपटाच्या दारात इकराम बोचकं छातीशी धरून उभी होती. जवाद दोन पावलं तिच्याकडे सरकला. तेव्हा तामू मध्ये जाऊन उभी राहिली. विळा तिच्या हातात होताच. हाज म्हणाला, "चल रे, असल्या घराशी सोयरीक नको," आणि खेचर रिकामंच परत फिरलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पीक वाळून गेलं. मफद्दल बायकोशी बोलेनासा झाला. गावाच्या झऱ्यावर तामू आली की बायका आपापले कॅन बाजूला घ्यायच्या. घरबुडवी, असं तिचं नाव पडलं. पाण्यावर पोर मागणाऱ्या हाजला शिव्या देणारं कुणी मला भेटलं नाही. पोर मोजून देणाऱ्या बापाला तर लोक बिचारा म्हणत होते. चुकली कोण, तर जिने प्लास्टिक फाडलं ती.

पानगळीच्या सुमाराला हाजच्या गड्यांनी खिंडीतली नळी गुंडाळली आणि ती थोड्या खालच्या अंगाला पुन्हा उलगडायला घेतली. तिथे रहमाच्या नवऱ्याचं नवं तळं खणून तयार होतं. रहमाची मुलगी दुनिया सहावीत होती.

तामूला हे कळलं तेव्हा ती पीठ मळत होती. तसेच पिठाचे हात घेऊन ती रहमाच्या दारात गेली. रहमा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुझं तू केलंस, तामू. आमच्यात पडू नकोस."

"पडणार आहे. पोरीला बाहेर बोलाव."

"तिचं काय काम? तिला काय कळतं?"

"तिच्याशीच बोलायचंय," तामू म्हणाली आणि अंगणात मांडी घालून बसली. "माझ्या इकरामला मी एकदाही विचारलं नव्हतं. हिला आपण दोघी विचारू. काय म्हणते ते ऐकल्याशिवाय मी उठत नाही."