माझ्या पाठीवरची पितळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे आणि मी रागावलेला आहे. माणसाच्या उंचीचं व्हायोलिन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी कसा दिसतो ते कळेल. १९९५ साली सिंगापूरच्या आमच्या वाद्यवृंदावर माहितीपट निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला नकोत.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी मला गोदामात पालथं टाकलं आणि माझ्यावर लाकडं फोडली. माझी पाठ उभी चिरली. युद्ध संपल्यावर बंदरात काम करणाऱ्या आणि वाद्यवृंदात मला वाजवणाऱ्या शशिकांतनं मला उचललं. लाकूड चिकटवायला सरस मिळेना, कारागीर मिळेना. त्यानं जहाजाच्या वर्कशॉपमध्ये पितळेची पट्टी कापली आणि ती स्क्रूनं चिरेवर बसवली. माझा आवाज घोगरा झाला.

"हा तर बोटीचा भोंगा!" बाकीचे वादक हसले. पण पहिल्या कार्यक्रमात त्या भोंग्याच्याच आधारानं सगळे वाजवत गेले. नंतर कोणी हसलं नाही.

पुढे नवी वाद्यं आली आणि मी शशिकांतच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये कपाटाशेजारी उभा राहिलो. मग त्या माहितीपटाचा दिग्दर्शक शैलेंद्र आला. हयात असलेले वादक शेवटच्या दृश्यात पुन्हा वाजवणार होते. शशिकांतला एवढंच हवं होतं, की माझा तो घोगरा आवाज एकदा तरी टिपला जावा.

चित्रीकरणाच्या दिवशी शशिकांत कॉफी प्यायला खाली गेला. शैलेंद्रनं माझी पाठ पाहिली.

"युद्धात असलं चकचकीत पितळ? काढा ते. भेग दिसू दे."

स्क्रू निघाले. तारा ताणलेल्याच होत्या. कडकन माझी पाठ उघडली.

शशिकांत परतला तेव्हा शैलेंद्र म्हणाला, "काका, एवढं काय त्यात! तुम्ही नुसता हात हलवा. आवाज आपण सीडीवरून घालू."

"व्हाय लाइक दॅट, ला!" शशिकांतची नात किमया सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"वाद्यवृंद पुन्हा कसा उभा राहिला, ते दाखवायला आलास ना रे?" शशिकांत म्हणाला. "तेच उचकटून ठेवलंस!"

कॅमेरा सुरू झाला. सगळ्यांचे गज हलले. शशिकांत मला धरून उभा राहिला, गज खाली सोडून. पडद्यावर कुठल्याशा परक्या बासचा गोड आवाज ऐकू येतो. लोक म्हणतात, म्हातारा भारावून गेला होता. भारावला नव्हता. संतापला होता.

पुढे शैलेंद्रनं मला दुरुस्त करायला माणूस पाठवला. शशिकांतनं दार उघडलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर ठिगळ दिसलं, तर हात लावण्याआधी ते कोणी लावलं ते विचारा. तो माणूस खाली कॉफी पीत असेल. त्याला वर येऊ द्या.