पाळणा आणि दीड कोटी वर्षं

मिस्त्रींनी आयुष्यात एकही काम अर्धवट टाकलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी जुंपली तरी आधी कपाटाला दारं बसवून द्यायचे आणि मग उरलेलं भांडण पुरं करायचे. असा माणूस एका दुपारी स्वतःच्या पहिल्या नातवंडासाठी केलेल्या पाळण्यावर जुनी चादर टाकतो आणि पाठ फिरवून बसतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सांगायला ज्योतिषी नको. पण घरात कुणाच्या लक्षात आलं असेल तर शपथ! घरच्यांचं असंच असतं. भाजीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला बोंब, आणि माणूस आतून खचला तर पंधरा दिवस पत्ता नाही.

झालं होतं असं. मिस्त्रींच्या गळ्यातली ग्रंथी वर्षभर बेलगाम सुटली होती. छाती धडधडायची, हात थरथरायचे, रेघ मारताना पेन्सिल नाचायची. सुताराची रेघ नाचली की त्यानं करायचं काय? शेवटी हॉस्पिटलात त्यांना आयोडीनची एक गोळी दिली. साधं आयोडीन नव्हे, किरणोत्सारी. ते ग्रंथीत जाऊन बसतं, तिला आतूनच वठणीवर आणतं आणि हळूहळू विरून जातं. गोळी आली शिशाच्या जाड डबीतून. डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या, तीन आठवडे वेगळं झोपा, गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यापासून लांब राहा, मग मोजणीला या, यंत्र गळ्याला लावून बघू. मिस्त्री मान डोलवत होते खरे, पण त्यांचं सगळं लक्ष त्या डबीच्या झाकणाकडे. काय बसलं होतं हो ते झाकण! केसभर फट नाही. कोणत्या कारागिरानं बसवलं असेल, याच विचारात ते घरी आले.

घरामागच्या कामाच्या खोलीत त्यांनी खाट टाकली. थोरल्या मुलीला आठवा महिना लागला होता. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज संध्याकाळी अंगणातून ओरडून बापाची खबर घ्यायची. मिस्त्री खिडकीतून उत्तर द्यायचे. तीन आठवड्यांनी हे सगळं संपणार होतं. पाळण्याचा सांगाडा तयार होता, बाजूच्या दांड्या बसल्या होत्या. खालच्या दोन वाकड्या पट्ट्या, ज्यांच्यावर तो झुलणार, तेवढ्या घडवायच्या राहिल्या होत्या. घामातून ते आयोडीन लाकडाला लागायला नको म्हणून मिस्त्रींनी ते काम मुद्दाम मागे ठेवलं होतं.

धाकटी मुलगी घरी बसून शाळांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवायची. सध्या तिनं एक नवा घडवला होता, नाव ‘वंशावळ’. किरणोत्सारी मूलद्रव्यं मोडत मोडत कशाची काय होतात ते त्यात दिसायचं. तिनं एक टॅब बापाच्या खिडकीत ठेवला.

“बाबा, वापरून बघा. तुम्हाला जमलं तर शाळेतल्या पोरांना जमेल.”

“म्हणजे मी ढ?”

“ढ नाही, उपद्व्यापी. तुम्ही दिसेल ते बटण दाबून बघणार, मला तेच हवंय.”

मिस्त्रींना आवडला हो तो खेळ. ‘युरेनियम’ लिहिलं की सगळ्यात वर एक भरलेली पेटी यायची, तिच्यातून बाण निघायचा, खाली दुसरी पेटी, मग तिसरी. आई मोडली की लेक, लेक मोडली की नात. कुणी अब्जावधी वर्षं टिकून राहणारी म्हातारी, तर कुणी डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. खाली काळाची एक पट्टी होती, तिच्यावरचा मणी बोटानं सरकवला की वरच्या पेट्या रिकाम्या होत जायच्या आणि तळाची भरत जायची. तळाला कोण? तर शिसं. ते काही मोडत नाही, तिथं वंश थांबतो.

“अरेच्चा!” मिस्त्री एकटेच हसले. “ही तर माझ्या डबीची खापरपणजी निघाली!”

तीन आठवडे भरले त्या दुपारी त्यांच्या मनात आलं, दुसऱ्यांची खानदानं पुष्कळ पाहिली, आता आपल्या गळ्यातल्या पाहुण्याचीही बघावी. त्यांनी ‘आयोडीन’ लिहिलं. एकच पेटी आली, एकच बाण. मिस्त्रींनी मणी महिनाभर पुढे नेला. पेटी भरलेलीच. एक वर्ष. भरलेलीच. शंभर वर्षं, हजार वर्षं, मणी पट्टीच्या निम्म्यावर आला तरी पेटीतला रंग तसूभर हलेना. मग त्यांनी चष्मा पुसून पेटीखालचं वाचलं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ: एक कोटी सत्तावन्न लाख वर्षं.

 मिस्त्री खाटेवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. म्हणजे डॉक्टरीणबाई तोंडदेखलं गोड बोलल्या! म्हाताऱ्याला घाबरवायचं कशाला, म्हणून तीन आठवडे सांगितले! डॉक्टर चुकेल की आपली पोर चुकेल, असा प्रश्न त्यांना पडलासुद्धा नाही. धाकटी त्यांच्याच बाकावर बसून काटकोन मापायचा गुण्या धरायला शिकली होती. तिचं माप चुकत नसतं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि विचारायचं कुणाला? थोरली दिवसांत, तिला असं काही सांगायचं? धाकटीला सांगावं तर तिच्या तोंडून घरभर. बायको तर ऐकताक्षणी हातपाय गाळून बसेल. तेव्हा मिस्त्रींनी मूग गिळले, पाळण्यावर चादर टाकली, आणि मनाशी ठरवलं की या हातांत नातवंड घ्यायचं नाही. ते ठरवताना त्यांना रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

मोजणीला ते गेलेच नाहीत. बायकोला म्हणाले, “पुढच्या आठवड्यात बोलावलंय.” पुढच्या आठवड्यात म्हणाले, “यंत्र बिघडलंय.” अंगणात आलेल्या थोरलीला म्हणाले, “पॉलिश ओलं आहे, वासानं मळमळेल, लांबच राहा.” पॉलिशचा डबा तर उघडलेलाही नव्हता. दिवसभर ते एका जुन्या स्टुलाचे पाय घासत बसायचे. घासून घासून ते स्टूल चार बोटं बुटकं झालं.

असे दोन आठवडे गेले. थोरली मुळातच बापासारखी, एका मर्यादेपर्यंत शांत आणि नंतर तोफ. एका सकाळी ती पोट सावरत, धापा टाकत सरळ कामाच्या खोलीत शिरली.

“बाबा, माझं काय चुकलं ते आज सांगा.”

“तिथंच थांब!” मिस्त्री ओरडले. त्यांच्या हातातला पॉलिशपेपर पडला, ते मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. “एक पाऊल पुढं टाकू नकोस! जा बाहेर!”

या माणसानं मुलींवर कधी आवाज चढवला नव्हता. थोरली उंबऱ्यावर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. आवाज ऐकून बायको आणि धाकटी धावत आल्या.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का?” बायको कडाडली. “पोरीची अवस्था काय, तुम्ही बोलता काय!”

“अवस्था बघूनच बोलतोय!” मिस्त्रींचा बांध फुटला. “माझ्या अंगात विष आहे. तीन आठवडे म्हणे! दीड कोटी वर्षांत निम्मंसुद्धा जायचं नाही ते. मी त्या बाळाला हात लावू? मी? तिला घेऊन जा इथून, पाया पडतो तुमच्या.”

 बायको हळूच म्हणाली, “दीड कोटी? तेवढं जगायचा विचार आहे की काय तुमचा?”

रडता रडता थोरलीला हसू फुटलं. धाकटी मात्र हसली नाही.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तू. तुझ्याच वंशावळीत लिहिलंय.”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं टॅब उचलून त्यांच्यासमोर धरला. “काय लिहिलं होतंत, पुन्हा लिहून दाखवा.”

मिस्त्रींनी ‘आयोडीन’ लिहिलं. तीच पेटी आली.

“आणि नंबर?”

“कसला नंबर?”

धाकटीनं कपाळावर हात मारला. “अहो बाबा, आयोडीन एकटं नसतं. नाव एक, भावंडं पुष्कळ, प्रत्येकाचं वजन वेगळं आणि आयुष्य वेगळं. तुम्हाला दिलं ते एकशे एकतीस. हे आहे एकशे एकोणतीस. डॉक्टरांनी नंबर सांगितला नव्हता?”

“सांगितला असेल,” मिस्त्री पुटपुटले. “मी झाकण बघत होतो.”

“चूक माझी आहे. शाळेचा पाठ खडकांचं वय काढण्याचा होता. खडकांत जुनी, दीर्घायुषी मंडळीच लागतात. म्हणून मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं, नंबर दिला नाही तर त्या कुळातल्या मोडणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त टिकणारं दाखव. युरेनियमला ते बरोबर पडतं. आयोडीनचं माझ्या डोक्यातच आलं नाही.” बोलता बोलता तिनं नंबर टाकला आणि टॅब बापाच्या हातात दिला. “आता मणी तुम्हीच सरकवा.”

मिस्त्रींचं बोट थरथरत होतं, आणि या वेळी ग्रंथीचा काही दोष नव्हता. आठ दिवस सरकवले तर पेटी निम्मी झाली. आणखी आठ दिवस, पाव. ते सरकवत गेले, रंग उतरत गेला. आजच्या तारखेला तळाशी बोटभरही उरला नव्हता.

“हे नुसतं गोळीचं गणित झालं,” धाकटी म्हणाली. “शरीर आपणहून बाहेर टाकतं ते वेगळंच. खरं म्हणजे याहूनही कमी उरलं असेल.”

मिस्त्रींनी मणी मागे नेला, परत पुढे आणला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग टॅब खाली ठेवून ते म्हणाले, “एकदा फसलो. आता यंत्र गळ्याला लागल्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नाही.”

“चला की मग!” तिघीही एकदम म्हणाल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना यथेच्छ झापलं. मोजणी चुकवणारे पेशंट पाहिले होते, पण या कारणासाठी चुकवणारा पहिलाच, म्हणाल्या. मग यंत्राची नळी गळ्याजवळ धरली. मिस्त्रींनी डोळे गच्च मिटून घेतले होते. यंत्र थोडं टिकटिकलं, बाईंनी आकडा पाहिला आणि नळी बाजूला ठेवली.

“उघडा डोळे. तुम्ही दोन आठवड्यांपूर्वीच मोकळे झाला होतात. जा, जवळ घ्या सगळ्यांना.”

मिस्त्री दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “बाई, ती शिशाची डबी कोण बनवतं हो?” बाईंनी हात जोडले.

बाहेर बाकावर थोरली बसली होती. मिस्त्री तिच्या शेजारी टेकले, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो उचलून आपल्या पोटावर ठेवला. आतून एक सणसणीत लाथ बसली.

“बघा,” ती म्हणाली, “इतके दिवस उंबऱ्याबाहेर ठेवलंत त्याचा राग आहे.”

“असू दे,” मिस्त्री म्हणाले.  “हक्क आहे त्याचा.”

घरी आल्यावर धाकटी कोपऱ्यात तोंड पाडून बसली. प्रोग्राम शाळेत जायचा होता, आणि तिचा धीरच सुटला होता. “माझ्या मूर्खपणानं तुम्ही दोन आठवडे जळत राहिलात. मी नाही तो कुठं देणार.”

“उगी. मी विचारलं असतं तर एका मिनिटात सुटलं असतं. तोंड शिवून बसलो, तो मूर्खपणा माझा.” मिस्त्री तिच्यासमोर त्या बुटक्या स्टुलावर बसले. “मला सांग, कुणी येऊन नुसतं ‘फळी द्या’ म्हणालं तर मी काय करतो? माझ्याकडची सगळ्यात जाड फळी देतो का काढून?”

“नाही. विचारता, कोणती.”

“मग झालं तर.”

धाकटीनं नाक पुसलं आणि कामाला बसली. त्या दिवसापासून ‘वंशावळ’मध्ये नुसतं आयोडीन लिहिलं की काहीच उघडत नाही. सगळी भावंडं वजनासकट रांगेत उभी राहतात, आणि वर प्रश्न येतो, कोणतं?

मिस्त्रींनी पाळण्यावरची चादर ओढून काढली. रेघ मारली, सरळ आली. एक पट्टी घडवून झाली आणि दुसरीला हात घातला, तेवढ्यात निरोप आला. बाळानं कुणाची वाट पाहिली नव्हती. मुलगी झाली होती.

घरी आणल्यावर तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला, कारण पाळणा अजून एका पायावर. “आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काम वेळेवर झालं नाही, आणि तेही नातीचं!” बायको करवादली. थोरलीनं बाळाचं गाठोडं बापाकडे दिलं. मिस्त्रींनी दोन्ही हात धोतराला पुसले, मग साबणानं धुतले, मग पुन्हा पुसले, आणि घेतलं. हात थरथरले नाहीत. नातीनं एक जांभई दिली आणि त्यांच्या कोपराच्या खळग्यात डोकं ठेवून झोपून गेली. केसभर फट राहिली नाही.

तासाभरानं बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, ती पट्टी पुरी करा की! किती वेळ असे बसणार आहात?”

“हळू बोल, जागी होईल,” मिस्त्री कुजबुजले. “आणि पाळण्याची एवढी काय घाई आहे?”